डोहाळे कोणाचे?



वसंत व्याख्यानमालेत वक्त्याने राज्यकारभारावर बोलावे, अर्थकारणावर बोलावे, निदान गीतेवर तरी बोलावे, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. मी आज एका शब्दावर बोलणार आहे. आणि शब्दही असा की तो उच्चारताच पुढच्या रांगेतील पुरुषमंडळींना वाटावे, हा तर माजघरातला विषय, व्यासपीठावर कशाला आणला? शब्द आहे ‘डोहाळे’. हा माजघरातून निघून वृत्तपत्रांच्या अग्रलेखांपर्यंत पोचलेला आहे, आणि वाटेत त्याने बरीच माणसे गाठली आहेत. कृष्णाकाठच्या सातारा आणि सांगली ह्या दोन्ही मुलखांशी त्याचा कसा संबंध येतो, ते शेवटी सांगणार आहे.

आवरता न येणाऱ्या इच्छेसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. चहाची तलफ येते. खोकल्याची उबळ येते. भांडणाची खुमखुमी येते. रात्री बारा वाजता उठून भडंग खाण्याची हुक्की येते, आणि माणूस मोठा असला म्हणजे त्याला लहर येते. जुगाराचा नाद लागतो, तमाशाची चटक लागते. ह्या शब्दांमागून येणारी क्रियापदे पाहा : येणे आणि लागणे. ह्यांत ‘मी’ कोठेही कर्ता नाही. ‘मला तलफ आली’ ह्या वाक्यात मी निव्वळ पत्ता आहे. तलफ त्या पत्त्यावर येऊन पोचते. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, तसाच नाद लागतो. ‘मी जुगार खेळतो’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘मला नाद लागला’ म्हणणारा मनुष्य व्याकरणाच्या आधाराने अर्धा सुटलेला असतो. तलब हा शब्द मराठेशाहीच्या कागदांत सरकारी बोलावण्यासाठी येतो. तलफ शब्दामागे मला तेच बोलावणे ऐकू येते. सरकारी शिपाई दारात उभा आहे, आता गेलेच पाहिजे.

पण ही झाली अर्धी गोष्ट. इच्छा आली, लागली. पुढे तिचे काय करायचे? येथे मराठी भाषा मोठी चोखंदळ आहे. तलफ आपली आपण भागवायची असते. उबळ दाबायची असते. खुमखुमी असेल तर ती दुसऱ्याने जिरवायची असते, आणि तीही आपल्या मनाविरुद्ध! वरिष्ठांची लहर हाताखालच्यांनी सांभाळायची असते. आणि डोहाळे? ते पुरवायचे असतात. लाड, हट्ट, चोचले हेही पुरवतात खरे; पण हट्ट पुरवला नाही तर पोर रडून झोपी जाते आणि बापाला कोणी दोष देत नाही. डोहाळे पुरवले नाहीत तर पाप लागते, मुलाचे कान फुटतात, अशी समजूत घरोघर होती. म्हणजे इतक्या सगळ्या अनावर इच्छांपैकी ही एकच अशी, की जिचे बंधन इच्छा होणाऱ्यावर नसून भोवतालच्या माणसांवर आहे. हे भाग्य तिला कोठून लाभले, हाच माझ्या आजच्या बोलण्याचा मुद्दा.

थोडे व्युत्पत्तीकडे वळतो. संस्कृतात शब्द आहे दोहद. वररुचीने प्राकृताचे नियम सांगताना प्रदीप्त, कदंब आणि दोहद ह्या शब्दांतल्या द चा ल होतो असे सांगितले आहे. कदंबाचा कळंब झाला तो ह्याच वाटेने, आणि दोहदाचा डोहळा, डोहाळा झाला तोही ह्याच वाटेने. आरंभीच्या द चा ड होणे आपल्याला नवे नाही. दंश करणाऱ्या प्राण्याला आपण डास म्हणतोच. इथवर वाट सरळ आहे. परंतु दोहद हा शब्द मुळात संस्कृत दिसत नाही. लोकांच्या तोंडचा शब्द पंडितांनी सोवळे नेसवून आत घेतला असावा. त्याच्या मागे कोणी ‘द्विहृद’ पाहतो, म्हणजे दोन हृदये असलेली. कोणी ‘दौर्हृद’ पाहतो, म्हणजे हृदयाची बिघडलेली स्थिती, मळमळ. संस्कृतात मळमळीला हृल्लास म्हणतात. तेथेही हृदय आहेच.

ह्या दोन मतांपैकी खरे कोणते, ह्यावर विद्वानांनी भांडावे. मला मौज ही वाटते, की मराठीने दोन्ही अर्थ जिवंत ठेवले आहेत. ‘तिला चिंचेचे डोहाळे लागलेत’ म्हटले की ती ओढ असते. ‘तिला फार कडक डोहाळे आहेत’ म्हटले की त्याचा अर्थ ओकाऱ्या होतात, पोटात पाणी ठरत नाही, भाताचा वास सोसत नाही. ओढ आणि शिसारी, दोन्ही एकाच शब्दात. ज्या बायकांनी हा शब्द घडवला त्यांना ह्या दोन गोष्टी वेगळ्या काढाव्याशा वाटल्या नाहीत, कारण शरीरात त्या एकाच वेळी येतात. शब्दही नेहमी अनेकवचनी : डोहाळे. एकटा ‘डोहाळा’ क्वचितच भेटतो. हाल, लाड, कष्ट, तसे हे डोहाळे. एकएकटे मोजता येत नाहीत.

आता द्विहृदयेकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात म्हटले आहे, की चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते आणि त्याला विषयांची इच्छा उत्पन्न होते. म्हणून ह्या स्त्रीला दोन हृदये. आणि म्हणून तिची इच्छा मोडली तर मूल कुबडे, लंगडे, खुजे, मंदबुद्धी, दृष्टीत दोष असलेले निपजते. पुरवली तर बलवान व दीर्घायुषी होते. चरकाने तर व्यवहाराचाही विचार केला आहे. तिची मागणी अपथ्याची असली आणि ओढ तीव्र असली, तर हितकर पदार्थात मिसळून ती थोडी पुरवावी, एकदम नाकारू नये. उत्तम सल्ला आहे. आजच्या डॉक्टरीणबाईही फारसे वेगळे सांगणार नाहीत.

पण सुश्रुताचे म्हणणे नीट ऐका. चिंच हवी आहे ती कोणाला? तिला नव्हे, पोटातल्याला. ती त्याची वकील आहे. एरवी तिला काय आवडते हे ज्या घरात कोणी वर्षानुवर्षे विचारले नाही, त्याच घरात ह्या चार-पाच महिन्यांत तिची जीभ प्रमाण मानली जाते, कारण ती जीभ तिची नाही असे ठरलेले असते. मला ह्या शब्दाच्या कथेतली सर्वांत खोल गोष्ट ही वाटते. आणि ह्या समजुतीचा बायकांनी चतुराईने उपयोग करून घेतला नसेल, असे मी मुळीच म्हणणार नाही. डोहाळ्यांचे निमित्त सांगून किती जणींनी माहेरची वाट धरली असेल! जात्यावरच्या ओव्यांत डोहाळे पुष्कळ आहेत, आणि त्यांत चिंचाबोरांइतकेच माहेर असते, भाऊ असतो. कोणाला कळू न देता आईने भरलेल्या ओटीला आपण चोरओटी म्हणतो. ह्या शब्दातली चोरी कोणाच्या डोळ्यांआड करायची असे, ते सासुरवाशिणींना सांगायला नको.

सीतेचेच पाहा. रामायणाच्या उत्तरकांडात राम गर्भवती सीतेला विचारतो, तुझी इच्छा काय? ती म्हणते, गंगेकाठचे आश्रम पाहावेसे वाटतात. राम हो म्हणतो. आणि मग लोकापवाद कानावर येतो तेव्हा तेच डोहाळे निमित्ताला वापरून लक्ष्मण तिला रथात बसवून घेऊन जातो, तो परत आणण्यासाठी नव्हे. डोहाळे पुरवले गेले, अक्षरशः पुरवले गेले! ह्या प्रसंगाइतका कडवट प्रसंग मला ह्या विषयात दुसरा सापडलेला नाही.

कथाकारांना मात्र हा शब्द म्हणजे सोन्याची खाण होती. राणीने काही अशक्य मागावे आणि राजाने, प्रधानाने किंवा चोराने ते मिळवण्यासाठी निघावे, की कथा सुरू! माकडाच्या काळजाची मगरीची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. जातकात त्या मगरीच्या बायकोला माकडाच्या काळजाचे डोहाळेच लागलेले असतात. मॉरिस ब्लूमफील्ड नावाच्या अमेरिकन संस्कृतज्ञाने १९२० मध्ये ह्या एका कथाबीजावर स्वतंत्र निबंध लिहिला. जिजाबाईंना गड चढण्याचे आणि वाघावर बसण्याचे डोहाळे लागले, असे पाळण्यांत आणि मुलांच्या गोष्टींत सांगतात. ही इतिहासाची नोंद नव्हे, लोकमनाची आहे. पण ती कोणत्या नियमाने घडली ते सांगता येते. डोहाळे हे भविष्य असते. सुश्रुताने ह्याची यादीच दिली आहे. राजाला पाहावेसे वाटले तर मुलगा धनवान व भाग्यवान, रेशमी वस्त्रे हवीशी वाटली तर नटण्याची आवड असलेला, आश्रमाची ओढ लागली तर धर्मशील, साप पाहावेसे वाटले तर हिंस्र.

हा नियम ध्यानात ठेवला म्हणजे आपल्या एका रोजच्या वाक्प्रचाराचा उलगडा होतो : ‘भिकेचे डोहाळे लागणे’. चांगला चालता धंदा मोडून कोणी भलत्या उद्योगात पैसा ओतू लागला, की चार शहाणे मान हलवतात, ह्याला भिकेचे डोहाळे लागलेत. मनुष्याला भीक मागावीशी वाटते, असा काही ह्याचा अर्थ नाही. अर्थ असा, की ही लक्षणे पुढे काय जन्माला येणार ते सांगतात. राजदर्शनाच्या डोहाळ्यांनी जसा भाग्यवान पुत्र कळतो, तशी ह्या डोहाळ्यांनी भीक कळते. दोन हजार वर्षांची वैद्यकी समजूत बाजारपेठेतल्या टोमण्यात अशी शाबूत राहिली आहे.

वृत्तपत्रांनी मात्र हा शब्द थोडा उथळ केला. मंत्रिपदाचे डोहाळे, तिकिटाचे डोहाळे, खुर्चीचे डोहाळे. निवडणूक जवळ आली की हे मथळे उगवतात. विनोद कशात आहे, तर मिशीवाल्या पुरुषाला बाईची अवस्था चिकटवण्यात. हा विनोद गर्भवतीच्या जिवावर केलेला आहे, आणि तो शिळाही झाला आहे. तरी त्यात एक मार्मिक जागा आहे, ती मान्य केली पाहिजे. खुर्चीची इच्छा असणारा मनुष्य ‘मला इच्छा आहे’ असे सांगत नाही. ‘कार्यकर्त्यांचा आग्रह आहे’ म्हणतो. म्हणजे माझे काही नाही, पोटातला मागतो आहे! आणि इतरांनी ते पुरवले पाहिजे. आपल्या खेड्यांतल्या म्हाताऱ्या अशा माणसाला तोंडावर विचारतात, ‘डोहाळं लागल्यात व्हय रं तुला?’ ह्या एका प्रश्नापुढे अग्रलेख फिका आहे.

ह्याच सांगलीच्या शेजारी हरिपूरला गोविंद बल्लाळ देवल जन्मले, १८५५ साली. त्यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातला भुजंगनाथ पैलतीराला लागलेला, आणि त्याला कोवळ्या मुलीशी लग्न करायचे आहे. त्याची ही अनावर इच्छा सगळे गाव पुरवायला धावते. दलाली करणारा भद्रेश्वर दीक्षित धावतो, मुलीचा बाप कांचनभट थैलीकडे पाहून धावतो. शारदेला काय वाटते हे विचारायला त्या घरात आईखेरीज फारसे कोणी नाही. ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ असे म्हणून आपण हसतो. पण त्या गुडघ्याला बाशिंग बांधून देणारे हात दुसऱ्यांचे असतात. अनावर कोणाची इच्छा म्हणायची, हे इच्छेच्या जोरावर ठरत नाही. ती पुरवणारे किती जमतात त्यावर ठरते, असे मला ते नाटक वाचताना प्रत्येक वेळी वाटते.

झाडांनाही डोहाळे लागतात, हे सांगायचे राहिले. अशोकाला सुंदर स्त्रीच्या पायाचा स्पर्श झाला की तो फुलतो, असा कविसंकेत आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त धारिणी राणी झोपाळ्यावरून पडते, तिचा पाय दुखावतो, म्हणून अशोकाचे दोहद पुरवायला तिच्याऐवजी मालविका जाते आणि राजाचे काम होते. आमच्या आटपाडीचा डाळिंबवाला ऐकून हसेल. तो झाडाला विचारीत नाही. पाणी तोडतो, ताण देतो, आणि बहार धरतो. असो.

कवी आणि वैद्य ह्यांची दृष्टी कशी वेगळी पडते, ह्याचे एक उदाहरण देतो. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणा राणी माती खाते. कवी म्हणतो, होणारा पुत्र पृथ्वीचा उपभोग घेणार, म्हणून आधी तिला मातीची गोडी. सुंदर कल्पना! पण त्याच देशातल्या वैद्यांनी पांडुरोगाच्या पाच प्रकारांत माती खाण्याने होणारा पांडुरोग वेगळा नोंदवून ठेवला होता. पहिल्या पावसात भिंतीचा वास घेणाऱ्या, मुलांच्या पाटीवरची पेन्सिल चोरून चघळणाऱ्या, चुलीतली राख जिभेवर ठेवणाऱ्या बायका आपण सर्वांनी पाहिल्या आहेत आणि त्यांना हसलोही आहोत. अशा खाण्याचा रक्तातल्या लोहाच्या कमतरतेशी निकटचा संबंध आढळतो, असे आजचे वैद्यक सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, देशातील ५२.२ टक्के गर्भवती स्त्रियांत रक्ताची कमतरता आढळली. म्हणजे मातीचे डोहाळे ऐकले की ओटीत माती घालायची नाही आणि थट्टाही करायची नाही. तिचे रक्त तपासायचे आणि लोहाच्या गोळ्या ती खरोखर घेते आहे की ताकाच्या भांड्यामागे ठेवते आहे, ते पाहायचे. शब्द खरा आहे. शरीर मागते आहे. फक्त मागणीचा अर्थ पृथ्वीचे राज्य हा नाही. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी जोडपी आपल्या शिवारांत उतरतात. नवराबायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. त्यातली जी गर्भार असते तिला डोहाळे लागत नाहीत असे नाही. पाचटाच्या खोपीत ते सांगावेत कोणाला?

आणि आता, आरंभी म्हटले होते त्याप्रमाणे, सातारा आणि सांगली.

सातव्या महिन्यात आपल्याकडे डोहाळजेवण होते. हौस मोठी. फुलांची वाडी भरतात, झोपाळ्यावर बसवतात, हातात धनुष्यबाण देतात, कोणी बागेत करते, कोणी चांदण्यात, आणि नदी जवळ असली तर नावेतही. नंतर दोन झाकलेल्या वाट्या पुढे ठेवतात. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. सगळ्या हसतात. पेढा निघाल्यावरचे हसणे आणि बर्फी निघाल्यावरचे हसणे ह्यांत फरक असतो, आणि तो झोपाळ्यावर बसलेलीला बरोबर ऐकू येतो. सुश्रुताच्या यादीतही पाहा, डोहाळ्यांवरून भविष्य सांगितले आहे ते कुमाराचे.

वारस हवा, ही ओढ ह्या मुलखाने मोठी किंमत देऊन ओळखलेली आहे. छत्रपती शहाजीराजे औरस पुत्रावाचून वारले आणि दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा केले. पण राज्य खालसा होऊन पावणेदोनशे वर्षे लोटली. ज्यांच्या नावावर दोन एकर कोरडवाहू जमीन आहे, त्यांनाही वारसाची तीच अनावर ओढ. आणि ह्या ओढीला आपण डोहाळे म्हणत नाही, हे विशेष. ती सासूची असते, सासऱ्याची असते, नवऱ्याची असते, पुष्कळदा त्या बाईचीही करून घेतलेली असते. पण तिला नाव ‘परंपरा’. गर्भाचे लिंग तपासून सांगण्यास १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी आपल्या मिरज तालुक्यात, म्हैसाळला, मार्च २०१७ मध्ये गर्भपात करून पुरलेले १९ भ्रूण पोलिसांनी उकरून काढले. तपास सुरू झाला तो एक तरुण विवाहिता गर्भपातात दगावली म्हणून. तिला काय खावेसे वाटत होते, हे कोणी विचारले होते की नाही, ते पंचनाम्यात येत नसते.

साताऱ्याकडची गोष्ट आधीची आहे. मुलगी नको असताना झाली, की तिचे नावच नकोशी किंवा नकुसा ठेवण्याची चाल त्या जिल्ह्यात होती. ह्यापुढे तरी मुलगा व्हावा, म्हणून एका मुलीच्या कपाळी जन्मभराचा नकार. शाळेच्या हजेरीत रोज सकाळी तो मोठ्याने वाचला जाई, आणि तिने ‘हजर’ म्हणायचे. २०११ च्या ऑक्टोबरात जिल्ह्यातल्या अशा दोनशे ऐंशीहून अधिक मुलींना साताऱ्यात एकत्र बोलावून जाहीर समारंभात नवी नावे देण्यात आली. त्यांपैकी कित्येकींनी आपले नाव आपण निवडले. कोणी देवीचे मागितले, कोणी सिनेमातल्या नटीचे. जे मागितले ते नाव प्रमाणपत्रावर लिहून त्यांच्या हातात देण्यात आले.